ट्रॅक्टर नसताना ट्रॉली हलवायची कशी?
मोटरीचे साधन घेण्यापूर्वी सभासदांनी करावयाचा हिशेब



गळीत हंगाम संपला की ट्रॉल्या दारात येऊन उभ्या राहतात. ट्रॅक्टर मात्र रिकामा बसत नाही. तो नांगरटीला जातो, नाहीतर भाड्याने दुसऱ्याच्या रानात जातो. मागे राहते ती लोखंडी ट्रॉली, आणि तीही नेमकी गोठ्याच्या तोंडावर. ती दहा फूट सरकवायची म्हटले की चार शेजाऱ्यांना हाका मारायच्या, खांदा लावायचा आणि एकाने दगड हातात घेऊन चाकामागे पळायचे, ही आपली रूढ पद्धत. दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडलेल्या असल्या तर त्या मागे घेणे भल्याभल्या ड्रायव्हरला जमत नाही. मग पाठीमागची सोडून हाताने लावावी लागते. हे आपण सगळेच करतो, आणि बोटे चेमटणे, पायावरून चाक जाणे हे प्रकारही त्यातूनच होतात.

आता बॅटरीवर चालणारी, ट्रॉली ओढणारी छोटी यंत्रे विकत मिळतात. विक्रेता टनात आकडा सांगतो आणि सपाट फरशीवर ओढून दाखवतो. घ्यावे का, असे सभासद विचारतात. आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. यंत्र किती टन ओढते हा पहिला प्रश्नच नव्हे. आपली जागा कशी आहे, हा पहिला. आणि ओढलेली ट्रॉली थांबवणार कोण, हा दुसरा. या दोहोंचे उत्तर मिळाले की यंत्र कोणते घ्यावे, किंवा घेऊच नये, हे आपोआप ठरते.

ही कल्पना मूळची कोठली

इंग्लंड, हॉलंड, जर्मनी या देशांत कॅरॅव्हॅन नावाची गाडी पुष्कळ घरांपुढे दिसते. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरची खोली. निजायची, स्वयंपाकाची सोय आत असते आणि ती मोटारीमागे जोडून कुटुंब सुट्टीला जाते. वजन साधारण एक ते पावणेदोन टन. सुट्टीहून परत आल्यावर अडचण आपल्यासारखीच: घरापुढची जागा अरुंद, मागे घेणे अवघड, आणि ढकलायला घरात माणसे दोन. त्यासाठी तिकडे मूव्हर निघाला. जर्मनीतील ट्रुमा, आल्को वगैरे कंपन्या तो बनवतात.

रचना सोपी आहे. कॅरॅव्हॅनच्या सांगाड्याखाली प्रत्येक चाकाजवळ एक मोटर आणि तिला एक खरबरीत रोलर. एरवी हा रोलर टायरपासून सुटा असतो. गाडी हलवायची वेळ आली की तो टायरवर दाबून बसवायचा. गाडीतल्याच १२ व्होल्टच्या बॅटरीवर मोटर फिरते, रोलर फिरतो आणि त्याच्या घर्षणाने चाक फिरते. मालक हातात रिमोट घेऊन बाजूला उभा राहतो. एक चाक पुढे आणि एक मागे फिरवले तर गाडी जागच्या जागी वळते. वेग मिनिटाला दहा मीटरच्या आसपास, म्हणजे मुंगीच्या पावलाने. बटणावरचा अंगठा उचलला की गाडी थांबते.

यातल्या तीन गोष्टी आपण घ्याव्यात. एक, मोटर गाडीचीच चाके फिरवते, त्यामुळे गाडीचे सारे वजन जमिनीवर पकड ठेवण्याच्या कामी येते. दुसरी, वेग मुद्दाम कमी ठेवलेला आहे. तिसरी, हात काढला की थांबणे हीच यंत्राची मूळ स्थिती. चालण्यासाठी बटण दाबून धरावे लागते. बाजारात आपल्यापुढे कोणतेही यंत्र आले तरी या तीन कसोट्या लावून पाहाव्यात.

मूव्हर जसाच्या तसा आपल्या उसाच्या ट्रॉलीला बसवावा असे मात्र आम्ही म्हणणार नाही. त्याचे पकडबंद कॅरॅव्हॅनच्या सांगाड्याच्या मापाने केलेले असतात. आपली कमानीवरची ट्रॉली वेगळी. आपले टायर चिखलाने माखलेले असतात, नक्षीत खडे अडकलेले असतात, आणि ओल्या चिखलाच्या टायरवर रोलर घसरतो. शिवाय चार चाकी ट्रॉलीची पुढची चाके दांडीबरोबर वळतात. मागची चाके मोटरीने रेटली आणि दांडी कोणी धरली नाही, तर ती कोठे वळेल याचा भरवसा नाही.

वजन वेगळे, ओढ वेगळी

आता हिशेबाकडे वळू. यंत्राला ट्रॉलीचे वजन उचलायचे नसते, ती घरंगळत न्यायची असते. त्यासाठी लागणारा जोर म्हणजे ओढ. सपाट, कडक काँक्रीटवर हवेच्या टायरची ओढ वजनाच्या शेकडा दोनच्या आसपास धरावी. दाबून बसलेल्या मातीच्या अंगणात शेकडा पाच. पावसाने भिजलेल्या किंवा भुसभुशीत काळ्या रानात शेकडा पंधरा ते वीस, आणि चाक रुतले तर त्याहून जास्त. टायरमध्ये हवा कमी असेल तर कडक जमिनीवर ओढ वाढते. उभी ट्रॉली जागची हलवताना पहिला हिसका याहून मोठा लागतो, हेही धरून चालावे.

समजा रिकामी ट्रॉली दोन टनांची आहे. काँक्रीटवर तिला ४० किलोची ओढ लागेल, मातीच्या अंगणात १०० किलोची, ओल्या रानात ३०० ते ४०० किलोची. ट्रॉली तीच, वजन तेच, पण ओढीत दहापट फरक! विक्रेत्याच्या फरशीवर जे यंत्र "पाच टन" ओढते, त्याला तेथे १०० किलोच जोर करावा लागतो. तेच यंत्र आपल्या रानात दोन टनांच्या ट्रॉलीपुढे हात टेकेल, आणि त्यात विक्रेत्याने खोटे सांगितले असेही होणार नाही.

याच्यावर चढ. वीस फुटांत एक फूट चढ असेल तर टनामागे ५० किलो ओढ वाढते. दहा फुटांत एक फूट असेल तर टनामागे १०० किलो. म्हणजे आपल्या दोन टनांच्या ट्रॉलीला मातीच्या अंगणात, विसाला एक अशा चढावर, १०० अधिक १०० मिळून २०० किलोची ओढ लागली. गडी माणूस पाय रोवून थोडा वेळ ३०-४० किलोचा जोर देतो. चौघे मिळून फार तर १६०. तेव्हा सपाट अंगणात चौघांना हलणारी ट्रॉली गोठ्याच्या चढावर का अडते, याचे उत्तर येथे आहे.

भरलेल्या ट्रॉलीचे काय? दहा टन भरली धरा. काँक्रीटवर सपाटीला २०० किलो, त्याच चढावर ७०० किलो, ओल्या रानात दीड ते दोन टन. हे काम ट्रॅक्टरचेच. भरलेली ट्रॉली छोट्या यंत्राने हलवण्याचा विचार डोक्यातून काढून टाकावा, बस्स.

मोजमाप घरच्या घरी

चढ डोळ्यांनी ठरवू नये; डोळा फसतो. दहा फुटांची सरळ फळी घ्यावी, गवंड्याकडची पाणसळ तिच्यावर ठेवावी. फळीचे एक टोक चढाच्या वरच्या बाजूस जमिनीला टेकवून दुसरे टोक उचलत जावे. पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आला की उचललेल्या टोकाखालची फट इंचात मोजावी. सहा इंच फट म्हणजे विसाला एक. सोपा हिशेब हवा असेल तर फटीच्या दर इंचाला टनामागे सुमारे ८ किलो ओढ वाढते असे धरा. मोजायचे ते सर्वांत वाईट जागी. गोठ्याचा उंबरा, नाल्याचा काठ, रस्त्यावरून अंगणात उतरतानाची उतरंड, येथेच यंत्र अडते. मधले सपाट अंगण मोजून उपयोग नाही.

वजनासाठी कारखान्याच्या काट्याची पावती आहेच. पण रिकाम्या वाहनाचे वजन ट्रॅक्टर आणि दोन्ही ट्रॉल्या मिळून असेल, तर त्यातून ट्रॅक्टरचे वजन वजा करून दोनाने भागावे लागेल. ट्रॉल्या सारख्या नसतील तर वेगळ्या तोलून घ्याव्यात.

प्रत्यक्ष ओढ बघायची असेल तर दोनशे किलोचा टांगता काटा घेऊन दांडी आणि दोर यांच्यामध्ये अडकवावा, चौघांनी दोर सावकाश ओढावा आणि एकाने बाजूला उभे राहून काटा वाचावा. हे सपाटीवरच करावे. हलतानाचा आणि चालतानाचा असे दोन आकडे मिळतील. त्यातला मोठा आकडा, त्यात चढाचा हिशेब आणि वर निम्मी भर. एवढी ओढ आपल्या जागेवर देणारे साधन हवे.

मोटर मोठी असून भागत नाही

येथे पुष्कळांची फसगत होते. मोटर कितीही ताकदीची असली तरी यंत्राची चाके जमिनीला धरतील तेवढीच ओढ मिळते. कोरड्या काँक्रीटवर रबरी चाकावर १०० किलो भार असेल तर ६० किलोच्या आसपास ओढ मिळते, कोरड्या मातीत ४० आणि ओल्या चिखलात २० किंवा त्याहूनही कमी.

दांडीखाली जोडून चालवायचे एखादे यंत्र १०० किलोचे आहे आणि दोन चाकी ट्रॉलीच्या दांडीचा २०० किलो भार त्याच्यावर आला, असे समजा. चाकांवर एकूण ३०० किलो. काँक्रीटवर ते १८० किलो ओढेल, कोरड्या मातीत १२०, चिखलात ६०. आपल्याला वरच्या उदाहरणात २०० किलो हवे होते. म्हणजे मोटर घुमेल, चाके जागीच फिरतील, आणि पैसे भरून झालेले असतील.

चार चाकी ट्रॉलीत तर आणखी अडचण. तिचे वजन तिच्याच चार चाकांवर असते. दांडीचा भार दांडीपुरताच. त्यामुळे दांडीवरून भार घेऊन पकड मिळवणारे यंत्र तिला लावून फायदा नाही. यंत्र स्वतःच जड असले पाहिजे, आणि जड यंत्र म्हटले की आपण फिरून लहान ट्रॅक्टरपाशीच येतो. दोन चाकी ट्रॉली असेल आणि अंगण काँक्रीटचे, सपाट असेल, तर मात्र हे यंत्र चांगले काम देते. तेथे आम्ही नको म्हणणार नाही.

मग काय काय पर्याय उरतात

ज्यांच्याकडे पावर टिलर आहे त्यांना तो वापरावासा वाटणारच. सपाटीवर रिकामी ट्रॉली थोडी सरकवायला तो चालेल. उतारावर मात्र त्याची एक खोड जाणून घ्या. वळवण्यासाठी एका बाजूचा क्लच दाबला की सपाटीवर टिलर त्या बाजूला वळतो. उतारावर मागून वजनाचा रेटा असला तर तो उलट्या बाजूला वळतो. मागे दोन टन असताना हा धडा शिकण्याची वेळ येऊ नये.

आमच्या मते बहुतेक सभासदांच्या अंगणाला साजेसे साधन म्हणजे विंच, किंवा त्याहून साधा, हाताच्या दांड्याने खटके देत ओढायचा साखळीचा पुलर. यात पकडीचा प्रश्नच निघतो, कारण ओढ जमिनीवरच्या चाकाने न होता रोवलेल्या खांबाच्या आधाराने होते. एक टनाचा हातपुलर एकटा माणूस चालवतो. वेळ लागतो, प्रत्येक खटक्याला ट्रॉली बोटभर सरकते, पण सरकते तेवढीच आणि तेथेच अडून राहते. साखळी लांबीला कमी पडते म्हणून मध्ये दोर किंवा साखळी जोडून टप्प्याटप्प्याने ओढावे लागते, आणि टप्पा बदलण्यापूर्वी चाके दगडाने किंवा पाचरीने अडवावीच लागतात. छताला टांगून वजन उचलायची चेनपुली आणि हा पुलर एकच समजू नका; चेनपुली उभ्या उचलीसाठी असते, आडवी ओढायला पुलरच मागून घ्यावा.

विजेचा किंवा बॅटरीचा विंच घेणार असाल तर दोन बाबी. विंचवर लिहिलेली ओढ ढोलावर वायररोपचा पहिलाच थर असताना मिळते. थर चढत गेले की ओढ कमी होत जाते. आणि ट्रॉलीच्या दांडीला कप्पी अडकवून वायररोपचे टोक परत खांबाकडे आणून बांधले तर ओढ जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा होतो. आपल्याला दोन्ही हवेच आहेत.

खांब कोठे रोवायचा याचा विचार यंत्राइतकाच करा. गोठ्याच्या भिंतीतली कडी, दाराची चौकट, कडुलिंबाचे पोरगे झाड हे काही आधार नव्हेत. खड्डा घेऊन काँक्रीटमध्ये रोवलेला लोखंडी खांब, आणि दोर जमिनीलगत बांधलेला. वर बांधला तर खांब उपटायचा जोर वाढतो. ताणलेली वायररोप तुटली तर चाबकासारखी फिरते. तिच्या रेषेत आणि दोन्ही बाजूंना कोणी उभे राहू नये, पोरांना तर अंगणातूनच बाहेर काढावे.

आणि वर्षातून चारच वेळा ट्रॉली हलवायची असेल तर? मग शेजाऱ्याचा ट्रॅक्टर अर्धा तास बोलवा आणि ट्रॉली पहिल्यांदाच जागेवर नीट लावून घ्या. ज्याला रोज दोन-तीन ट्रॉल्या मागेपुढे कराव्या लागतात, त्या दुरुस्तीच्या वर्कशॉपवाल्याने यंत्राचा विचार करावा.

थांबवणार कोण

ढकलताना आपले सारे लक्ष ट्रॉली हलते का याच्याकडे असते. घात होतो तो हलल्यानंतर. विसाला एक अशा काँक्रीटच्या उतारावर दोन टनांची ट्रॉली सुटली तर उतार तिला १०० किलोने ओढतो, टायरचा अडथळा ४० किलोचा, म्हणजे ६० किलोचा जोर शिल्लक राहतो. समोर पाठ लावून उभा राहिलेला माणूस ४० किलोचा जोर देतो. तो तिला थांबवू शकतच नाही, मग कितीही तालीम केलेली असो. वीस फूट जाईपर्यंत साधारण सहा सेकंद लागतात आणि तोवर तिचा वेग धावत्या माणसाइतका, ताशी सात किलोमीटरच्या आसपास होतो. दगड घेऊन पळणाऱ्याला चालत्या चाकाखाली हात घालावा लागतो, तो याच सहा सेकंदांत.

पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा चालू ब्रेक नसतो. म्हणून उतारावर ट्रॉली हलवायची तर दोन माणसे पाचरी घेऊन चाकांच्या मागेपुढे हवीत, पण पाचरीला लांब दांडा किंवा दोरी बांधलेली हवी. म्हणजे हात चाकाजवळ न नेता ती सरकवता येते. बाभळीच्या ओंडक्यातून सुतार अशा चार पाचरी अर्ध्या दिवसात करून देईल. उतारावरून खाली आणायची असेल तर वरच्या बाजूच्या खांबाला पुलर किंवा विंच लावून, दोर ताणलेला ठेवून, सोडत सोडत आणावी.

दोन चाकी ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडताना आधी आतला माल पाहावा. मागे जास्त भार असेल तर पिन काढताच दांडी उसळते आणि तोंडावर येते. अशा ट्रॉलीला दांडीखाली स्क्रूचा, फिरवून वरखाली होणारा टेकू लावून घ्या. त्याचा दुसरा उपयोग जोडताना होतो. ट्रॅक्टरचा हुक आणि दांडीचे भोक जुळायला शेवटची वीत उरते, तेव्हा कोणीतरी दोहोंच्या मध्ये उभे राहून दांडी हलवतो आणि ड्रायव्हरचा पाय क्लचवरून सटकतो. स्क्रूने उंची आधी जुळवून ठेवली, ट्रॅक्टर पूर्ण थांबवून गिअर काढला, हँडब्रेक ओढला, आणि मगच माणूस आत गेला, तर त्या विताचे भय राहत नाही.

घेतलेच यंत्र, तर

विक्रेत्याला आपल्या अंगणात बोलवा. आपलीच ट्रॉली, आपलाच वाईट कोपरा, आणि जमल्यास अंगणावर आधी पाणी मारून. चढावर मध्येच बटण सोडायला लावा आणि चाक मागे किती सरकते ते खडूने खूण करून पाहा. मग बॅटरीची वायर काढायला सांगा. वीज गेली तरी ब्रेक लागूनच राहिला पाहिजे. लागत नसेल तर ते यंत्र परत न्यायला सांगा. लागला तरी त्याला रात्रभराचा ब्रेक समजू नये. कॅरॅव्हॅनवालेसुद्धा आधी हँडब्रेक ओढतात आणि मगच रोलर टायरपासून सोडवतात. आपण त्या जागी पाचरी लावायच्या.

बॅटरीच्या बाबतीत एक गैरसमज आहे की ती लवकर उतरेल. हिशेब करून पाहा: २०० किलोची ओढ पन्नास मीटर नेली, यंत्रात निम्म्याहून जास्त शक्ती वाया गेली असे धरले, तरी १२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीतला सोळावा-सतरावा भाग खर्च होतो. अडचण एकदम लागणाऱ्या करंटची. असे काम करताना मोटर साठ-सत्तर अँपिअर घेते, म्हणून बारीक वायर तापते आणि ढिले टर्मिनल जळते. जाड वायर, घट्ट टर्मिनल, आणि बॅटरीलगत फ्यूज असावा. बॅटरी मरते ती वापराने नव्हे, आठ महिने कोपऱ्यात पडून राहिल्याने. साधी शिशाची बॅटरी असेल तर महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करावी आणि पाण्याची पातळी पाहावी. लिथियमची असेल तर तिच्याबरोबर आलेलाच चार्जर वापरावा. तिघाचौघांत मिळून यंत्र घेणार असाल तर बॅटरी कोणाच्या घरी राहील आणि महिन्याला चार्जिंगला कोण लावील, हे पैसे गोळा करायच्या आधी ठरवून घ्यावे.